लगाम आपल्याच हाती : निन्टेंडो कंपनीची वाटचाल

व्हिडिओ गेमसाठी आज जगभर ओळखली जाणारी निन्टेंडो ही कंपनी फुसाजिरो यामाउची यांनी २३ सप्टेंबर १८८९ रोजी जपानमधील क्योटो शहरात सुरू केली, तेव्हा तिचा माल होता हाताने बनवलेले पत्ते. ‘हानाफुदा’ नावाच्या या पत्त्यांच्या जोडात ४८ पाने असतात, वर्षाच्या बारा महिन्यांना प्रत्येकी चार, आणि त्यांवर आकड्यांऐवजी त्या त्या महिन्याची फुले-झाडे चितारलेली असतात. आकडे नसण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच राजसत्तेचा धाकही होता. सोळाव्या शतकात, गोवा ही ज्यांची पूर्वेकडील राजधानी होती, त्या पोर्तुगिजांच्या जहाजांतून पत्ते जपानात पोहोचले. पुढे तोकुगावा राजवटीने जुगाराला आळा घालण्यासाठी पत्त्यांवर वेळोवेळी बंदी घातली आणि प्रत्येक बंदीनंतर कारागिरांनी पत्त्यांना नवे रूप दिले. मेइजी काळात ही बंधने सैल झाली, त्यानंतर काही वर्षांतच यामाउची यांचे दुकान उभे राहिले. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर चिकटवून ही पाने तयार होत. सावंतवाडीत आजही हाताने रंगवल्या जाणाऱ्या गंजिफा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या धंद्याचे स्वरूप वेगळे सांगण्याची गरज नाही : माल लहान, कसब मोठे आणि गिऱ्हाइकाची आवड बदलली की सगळेच अडचणीत.

या कंपनीविषयी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. गाठीशी एवढा पैसा आणि लोकांचे एवढे प्रेम असताना ती धंद्याचे निर्णय भीतीपोटी घेते काय? प्रतिस्पर्ध्यांशी चाललेले कज्जे, चाहत्यांनी हौसेने केलेल्या निर्मितीवर बजावलेल्या नोटिसा, नव्या तंत्रज्ञानाबाबत वर्षानुवर्षे दाखवलेला संकोच, ही या आरोपाची साक्ष म्हणून पुढे केली जाते. कंपनीचा इतिहास क्रमाने पाहिला, तर आरोपात तथ्य आहे हे मान्य करावे लागते. मात्र ही भीती सेगा, सोनी किंवा मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांची फारशी कधी नव्हती. आपल्या खेळाचा लगाम दुसऱ्याच्या हाती जाईल, ही ती भीती आहे. तिने कंपनीला काही प्रसंगी तारले आणि काही प्रसंगी तिच्याकडून जबर किंमत वसूल केली.

संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची यांनी १९४९ मध्ये ऐन विशीत, वासेदा विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून कंपनीची सूत्रे हाती घेतली. आजोबा आजारी पडल्याने ही जबाबदारी त्यांच्यावर आली होती आणि ती स्वीकारताना घरातील दुसरे कोणी कंपनीत काम करणार नाही, अशी अट त्यांनी घातली. पुढील त्रेपन्न वर्षे त्यांनी ज्या एकहाती पद्धतीने कारभार केला, तिची चुणूक या अटीत दिसते. त्यांच्या काळात कंपनीने १९५३ मध्ये जपानात प्रथमच प्लॅस्टिकचा मुलामा दिलेले पत्ते मोठ्या प्रमाणावर काढले, १९५९ मध्ये डिस्नेची पात्रे पत्त्यांवर छापून हा खेळ जुगाराच्या अड्ड्यांवरून घराघरांत, मुलांच्या हाती नेला आणि १९६२ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आणले. त्याआधी, १९५६ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी जगातील सर्वांत मोठ्या पत्ते बनवणाऱ्या कंपनीला भेट दिली होती आणि तिची कचेरी किती लहान आहे हे पाहून ते अस्वस्थ झाले होते. या धंद्याच्या शिखरावर पोहोचलेल्यांची मजल जर एवढीच असेल, तर आपण येथे थांबून चालणार नाही, हे त्यांनी तेथेच ओळखले.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पत्त्यांची मागणी घसरली आणि ही अस्वस्थता खरी ठरली. टॅक्सीसेवा, झटपट शिजणारा भात असे नाना उद्योग कंपनीने करून पाहिले, पण एकाही ठिकाणी पाय रोवता आला नाही. सुटका झाली ती कारखान्यातील यंत्रांची देखभाल करणाऱ्या गुनपेई योकोई या तरुण अभियंत्यामुळे. त्याने फावल्या वेळात केलेला लांब होणारा, चिमट्यासारखा हात यामाउची यांच्या नजरेस पडला, १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने तो बाजारात आला आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. पत्त्यांची कंपनी खेळण्यांची झाली, आणि १९७७ मध्ये टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांच्या मार्गाने ती इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळली.

अमेरिकेत पाय ठेवल्यावर कंपनीला दोन अनुभव लागोपाठ आले. पुढील चाळीस वर्षांचे तिचे धोरण या दोन अनुभवांनी घडवले, म्हणून त्यांच्याजवळ थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे दोन हजार यंत्रे अमेरिकेतील शाखेकडे पडून राहिली होती. त्यांचा उपयोग व्हावा म्हणून शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने नवा खेळ रचला आणि १९८१ मध्ये आलेल्या त्या ‘डाँकी काँग’ने शाखेचे नशीब पालटले. यश दिसताच युनिव्हर्सल या बलाढ्य चित्रपट कंपनीने, हा खेळ आपल्या ‘किंग काँग’ची नक्कल आहे, असा दावा लावला. इतर काही कंपन्या तडजोडीला तयार झाल्या, निन्टेंडो मात्र न्यायालयात उभी राहिली. युनिव्हर्सलनेच १९७५ मध्ये ‘किंग काँग’ची कथा कोणाच्याही मालकीची नाही असे न्यायालयात मांडले होते, हे उघड झाले आणि निकाल निन्टेंडोच्या बाजूने लागला. बलवान माणूस कागद घेऊन दारात येतो आणि कागदानेच त्याला परतवता येते, हा धडा क्योटोने त्या वेळी जो गिरवला, तो पुढे कधीच विसरला नाही.

दुसरा अनुभव दुसऱ्याच्या पडझडीतून आला. अमेरिकेत अटारी या कंपनीच्या घरगुती यंत्रासाठी कोणीही खेळ तयार करून विकू शकत होता, त्यावर कोणाचाच अंकुश नव्हता. बाजार कच्च्या, घाईने रचलेल्या खेळांनी भरून गेला, दुकानदारांनी माल पडेल किमतीत फुंकून टाकला आणि १९८३ मध्ये सुमारे ३०० कोटी डॉलरची असलेली ही बाजारपेठ १९८५ पर्यंत १० कोटी डॉलरच्या आसपास आली. न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये उत्खनन करून त्यांपैकी काही पुन्हा बाहेर काढण्यात आल्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायाने निन्टेंडोने या विनाशाचा बारकाईने अभ्यास केला, आणि तिने काढलेला निष्कर्ष असा की, खेळयंत्र विकणाऱ्याने खेळांवरचा ताबा सोडला, तर दुसऱ्याच्या वाईट मालामुळे त्याचा स्वतःचा धंदा बुडतो.

हा निष्कर्ष कंपनीने किती काटेकोरपणे अमलात आणला, हे १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम विकायला ठेवलेल्या तिच्या यंत्राकडे जवळून पाहिल्यास कळते. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली काँप्युटर’ या नावाने आलेले हे यंत्र अमेरिकेत वेगळ्या पेटीत आले. ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द दुकानदारांना नकोसे झाले होते, म्हणून त्याला ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ म्हटले गेले, कॅसेट वरून खोचण्याऐवजी व्हीसीआरप्रमाणे समोरून आत सरकवायची सोय केली गेली आणि हे खेळणेच आहे असे वाटावे म्हणून सोबत प्लॅस्टिकचा एक यंत्रमानव दिला गेला. यंत्राच्या पोटात मात्र खरी राखण होती. एक छोटी चिप यंत्रात आणि तिची जोडीदार चिप प्रत्येक कॅसेटमध्ये बसवलेली असे. दोघींमध्ये सतत ठरावीक संकेतांची देवाणघेवाण चाले आणि कॅसेटमधील चिपने योग्य उत्तर दिले नाही, तर यंत्र दर सेकंदाला बंद होऊन पुन्हा सुरू होई, पडदा नुसता लुकलुकत राही. म्हणजेच निन्टेंडोच्या परवान्याशिवाय बनवलेला खेळ चालवणे जवळजवळ अशक्य होते. परवाना हवा असलेल्या बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढता येत, काढलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर देता येत नसे, आणि कॅसेटी निन्टेंडोकडूनच, आगाऊ पैसे भरून, किमान संख्येत घ्याव्या लागत. खेळ पडला तर तोटा बाहेरच्या कंपनीचा, चालला तर पहिला नफा निन्टेंडोचा, अशी ही रचना होती.

या व्यवस्थेने बाजार पुन्हा उभा केला, हे निर्विवाद आहे. खोक्यावरील सोनेरी मोहोर पाहून आईवडील विश्वासाने पैसे खर्च करू लागले. जपानमध्ये सुरुवातीच्या यंत्रांत दोष निघाला तेव्हा ती परत मागवून दुरुस्त करून देण्याचा खर्च कंपनीने सोसला, तो याच विश्वासासाठी. पण ज्या लगामामुळे दर्जा राखला गेला, त्याच लगामाने भागीदारांचा गळाही आवळला. अटारीतून वेगळ्या झालेल्या एका कंपनीने या चिपरूपी कुलुपाची गुप्त रचना अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीतून खोटे कारण दाखवून मिळवली आणि प्रकरण न्यायालयात गेले. तेथेही निन्टेंडोचे पारडे जड राहिले. दुकानदारांवर किमतीबाबत दडपण आणल्याच्या आरोपावरून मात्र १९९१ मध्ये कंपनीला अमेरिकी सरकारशी तडजोड करावी लागली व ग्राहकांना पाच-पाच डॉलरची सवलत कुपने द्यावी लागली.

जपानी यंत्रात ही कुलुपाची चिप नव्हती, आणि या एका उणिवेचा महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या बालपणाशी थेट संबंध आहे. चिप नसल्याने तैवान व चीनमधील कारखान्यांनी त्या यंत्राच्या हव्या तेवढ्या नकला केल्या. १९९० च्या दशकात मुंबई, पुणे, नाशिकच्या बाजारांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे विकली गेली आणि ज्यांच्या पिवळ्या कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे, ती बहुतांशी याच नकला होत्या. ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ या खेळांवर वाढलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांना क्योटोतील कंपनीचे नावही ठाऊक नव्हते. कंपनीला ज्याची धास्ती होती, ते येथे अक्षरशः घडले. पण त्याच नकलांनी तिच्या पात्रांना अशा घरांत नेले, जिथे तिचा अस्सल माल परवडलाच नसता, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.

धोरणातील भीती सर्वांत महाग पडली ती सोनीच्या प्रकरणात. केन कुतारागी या सोनीतील अभियंत्याने निन्टेंडोच्या ‘सुपर फॅमिकॉम’ या यंत्रासाठी ध्वनीची चिप तयार केली होती, आणि दोन्ही कंपन्यांत १९८८ मध्ये असा करार झाला होता की, सोनीने त्या यंत्राला सीडी वाचण्याची जोड द्यावी. करारातील तरतुदींनुसार सीडीवर निघणाऱ्या खेळांचा परवाना देण्याचा अधिकार सोनीकडे जात होता. ही गोष्ट जेव्हा यामाउची यांच्या ध्यानात आली, तेव्हा परवान्याच्या ज्या किल्लीवर सारा धंदा उभा होता, ती आपणच दुसऱ्याच्या हाती दिली आहे, हे त्यांना कळून चुकले. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने आपल्या नव्या ‘प्ले स्टेशन’ची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच प्रदर्शनात, आपण हॉलंडच्या फिलिप्स कंपनीबरोबर काम करणार असल्याचे जाहीर केले. जपानी उद्योगविश्वात भागीदाराचा असा जाहीर पाणउतारा सहसा होत नाही.

सोनीच्या हाती सीडीचा परवाना गेला असता, तर निन्टेंडो काही वर्षांत दुय्यम भागीदार झाली असती, आणि तिची भीती निराधार नव्हती, हे मान्य करणे भाग आहे. चूक होती ती पद्धतीत. करार नीट वाचून आधीच सुधारता आला असता, किंवा खासगीत मोडता आला असता. तसे न होता तो चारचौघांत फाटला आणि अपमानित झालेल्या सोनीने कुतारागी यांना स्वतंत्र यंत्र करण्याची मुभा दिली. डिसेंबर १९९४ मध्ये आलेले प्लेस्टेशन पुढे दहा कोटींहून अधिक खपले. फिलिप्सबरोबरच्या करारातून निन्टेंडोच्या यंत्राला सीडीची जोड कधीच मिळाली नाही.

यानंतर दुधाने तोंड पोळलेल्या कंपनीने ताकही फुंकून प्यायला सुरुवात केली. १९९६ मधील ‘निन्टेंडो ६४’ या यंत्रात, सर्व बाजार सीडीकडे वळलेला असताना, तिने कॅसेटच कायम ठेवली. कॅसेटमधून खेळ झटपट सुरू होतो आणि तिची नक्कल करणे अवघड असते, ही कारणे खरी होती. पण कॅसेटची क्षमता फार तर ६४ मेगाबाइट, सीडीची ६५० च्या आसपास, आणि कॅसेट बनवण्याचा खर्च कितीतरी अधिक. ‘फायनल फँटसी’ मालिका तोवर निन्टेंडोच्याच यंत्रांवर काढणारी स्क्वेअर ही कंपनी सोनीकडे गेली आणि १९९७ मध्ये तिने त्या मालिकेचा सातवा खेळ तीन सीडींवर काढला. निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाख खपले. पुढच्या ‘गेमक्यूब’ यंत्रात कंपनीने नकलेच्या धास्तीने नेहमीपेक्षा लहान आकाराची खास चकती वापरली आणि खप सुमारे २ कोटी १७ लाखांवर उतरला, तर त्याच काळातील सोनीचे दुसरे प्लेस्टेशन पंधरा कोटींच्या पुढे गेले.

एवढ्यावरून निर्णय द्यायचा, तर आरोप सिद्ध झाला असे म्हणावे लागेल. परंतु त्याच कंपनीच्या त्याच इमारतीत दुसरी एक परंपरा वाढत होती, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास हा इतिहास अर्धाच राहील. गुनपेई योकोई यांचे तत्त्व असे होते की, नव्याकोऱ्या महागड्या तंत्रज्ञानाच्या मागे न धावता, जुने, स्वस्त, पूर्ण पारखलेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग शोधावा. १९८९ मधील त्यांचा ‘गेम बॉय’ पेन्सिल सेलवर चालणारा, हिरवट काळ्या-पांढऱ्या पडद्याचा होता; अटारी आणि सेगा यांनी रंगीत पडद्याची हातातली यंत्रे आणली, पण ती सहा सेल काही तासांत पिऊन टाकत, तर गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे खपली. वरवर पाहता जुने तंत्रज्ञान वापरणे हा भित्रेपणा वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे यंत्रावर तोटा सोसावा लागत नसे, कर्ज काढावे लागत नसे, आणि एखादा प्रयोग फसला तरी कंपनी बुडत नसे. योकोई यांचाच १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ पूर्णपणे फसला आणि पुढील वर्षी ते कंपनीतून बाहेर पडले. कंपनी मात्र त्या अपयशाने डगमगली नाही.

२००२ मध्ये यामाउची निवृत्त झाले आणि प्रथमच घराबाहेरील व्यक्तीकडे, सातोरू इवाता यांच्याकडे, अध्यक्षपद आले. इवाता स्वतः प्रोग्रॅमर होते. बाजार अधिकाधिक ताकदवान यंत्रांच्या मागे असताना त्यांनी प्रश्नच बदलला, आणि जे लोक आज खेळत नाहीत त्यांना कसे खेळवावे, याचा विचार सुरू केला. २००४ मधील दोन पडद्यांचे ‘डीएस’ हे यंत्र कंपनीने गेम बॉयचा वारस म्हणून जाहीर केले नाही, तर तिसरा स्वतंत्र आधारस्तंभ म्हटले, जेणेकरून ते पडले तरी गेम बॉयच्या नावाला धक्का लागू नये. सावधपणा येथेही होताच. पण त्या सावधपणाच्या आड जे केले ते धाडसी होते, आणि डीएस १५ कोटी ४० लाख खपले. २००६ मधील ‘वी’ या यंत्रात आतले तंत्रज्ञान मागील गेमक्यूबचीच सुधारित आवृत्ती होते, नवे होते ते हातात धरून हलवायचे रिमोट. दहा कोटींहून अधिक घरांत ते पोहोचले आणि आजीआजोबा टीव्हीसमोर उभे राहून टेनिस खेळू लागले.

भीतीच्या प्रश्नावर कंपनीच्या प्रमुखानेच दिलेले उत्तर पुढच्या पडत्या काळातले आहे. २०११ मध्ये आलेले ‘३डीएस’ महाग ठरले आणि काही महिन्यांतच त्याची अमेरिकेतील किंमत २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणावी लागली. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला सुमारे ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला, आणि २०१२ च्या अखेरीस आलेले ‘वी यू’ हे यंत्र अवघे १ कोटी ३५ लाख खपले. इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. २०१३ च्या भागधारकांच्या सभेत, खर्च कमी करण्यासाठी नोकरकपात का करत नाही, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की, नोकरी जाण्याच्या धास्तीत काम करणाऱ्या माणसांच्या हातून लोकांना भारून टाकणारे खेळ निर्माण होणार नाहीत. त्यानंतरच्या वर्षी युरोपातील शाखेत काही नोकऱ्या गेल्या, हे खरे. पण क्योटोतील निर्मात्यांचा संच अभंग राहिला. सलग तीन वर्षे मूळ व्यवसाय तोट्यात असताना हे जमले, कारण अंथरूण पाहून पाय पसरण्याच्या जुन्या शिस्तीमुळे गंगाजळी भरलेली होती. पैशाच्या बाबतीत अखंड धास्ती बाळगणाऱ्या कंपनीला माणसांच्या बाबतीत निर्भय राहता आले, हे या इतिहासातील सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे.

याच काळात स्मार्टफोनचा प्रश्न ऐरणीवर आला. आपली पात्रे फोनवर दिली, तर मुले यंत्र घेणार नाहीत आणि खेळाची किंमत शून्यावर येईल, या विचाराने कंपनीने अनेक वर्षे नकार दिला, आणि अखेर मार्च २०१५ मध्ये डीएनए या जपानी कंपनीशी सहकार्य जाहीर केले. त्यानंतर चारच महिन्यांत इवाता यांचे निधन झाले. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ रन’ची किंमत एकदाच भरायचे दहा डॉलर ठेवली होती आणि नकलेला आळा बसावा म्हणून तो खेळायला सतत इंटरनेट लागत असे. पोरांच्या खिशातून थोडे थोडे पैसे काढत राहणाऱ्या खेळांच्या बाजारात ही किंमत प्रामाणिक होती. तरीही अपेक्षित नफा झाला नाही, असे कंपनीलाच पुढे सांगावे लागले.

मार्च २०१७ मधील ‘स्विच’ हे यंत्र या दोन परंपरांच्या संगमावर उभे आहे. घरी टीव्हीला जोडायचे आणि बाहेर हातात धरायचे, अशी दोन वेगळी यंत्रे करण्याची सोय, म्हणजे एक पडले तर दुसऱ्याने तारावे ही जुनी विमाव्यवस्था, कंपनीने येथे सोडून दिली आणि सारे एकाच यंत्रावर पणाला लावले. आतली चिप मात्र आधीच बाजारात असलेली, पारखलेली होती. स्विच १५ कोटींहून अधिक खपले. चित्रपटांच्या बाबतीतही जुनी जखम भरली. १९९३ मधील मारिओचा चित्रपट सपशेल पडल्यावर कंपनीने दीर्घकाळ हॉलिवुडला दूर ठेवले होते. २०२३ मध्ये मियामोतो यांनी स्वतः सहनिर्माता होऊन केलेल्या नव्या चित्रपटाने १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र भीतीची पकड सुटलेली नाही. २०१६ मध्ये ‘मेट्रॉइड’ मालिकेच्या तिसाव्या वाढदिवशी चाहत्यांनी अनेक वर्षांच्या मेहनतीने केलेला, फुकट वाटलेला खेळ कंपनीने हटवायला लावला. सेगाने त्याच सुमारास आपल्या चाहत्यांनाच कामावर घेऊन ‘सॉनिक मेनिया’ काढला आणि तो गाजला, ही तुलना निन्टेंडोच्या बाजूने जात नाही. आपला खेळ खेळताना दाखवणाऱ्या यूट्यूबवरील तरुणांच्या कमाईत वाटा घेण्याची योजना तिने २०१५ मध्ये आणली आणि २०१८ मध्ये ती शहाणपणाने गुंडाळली. मार्च २०२४ मध्ये ‘यूझू’ या इम्युलेटरच्या (म्हणजे एका यंत्राचे खेळ संगणकावर चालवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) निर्मात्यांना २४ लाख डॉलर देऊन काम बंद करावे लागले. येथे कंपनीची तक्रार रास्त होती, कारण तिचा नवा खेळ अधिकृतपणे येण्यापूर्वीच लाखोंनी फुकट उतरवून घेतला, असे तिचे म्हणणे होते. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पालवर्ल्ड’ या खेळाच्या निर्मात्यांवर टोकियोत लावलेला पेटंटचा दावा वेगळ्या प्रकारचा आहे. तो खेळ बाजारात आल्यानंतर, जुन्या पेटंटांवरून काढलेल्या नव्या अर्जांतून मिळालेल्या हक्कांवर हा दावा उभा आहे आणि त्यात मागितलेली भरपाई निन्टेंडो व तिच्यासोबत दावा लावणारी पोकेमॉन कंपनी यांना मिळून सुमारे एक कोटी येन, म्हणजे अशा कंपन्यांच्या दृष्टीने किरकोळ आहे. पैसा हा येथे हेतू नाही; कुंपण दाखवणे हा आहे. युनिव्हर्सलसमोर स्वतः लहान असताना कायद्याने जिने संरक्षण मिळवले, तिने आता स्वतःपेक्षा कितीतरी लहान असलेल्यांवर तेच हत्यार उगारावे, हे तिच्या इतिहासाला शोभत नाही.

आणि सर्वांत मोठे नुकसान जुन्या खेळांचे होत आहे. २७ मार्च २०२३ रोजी कंपनीने ‘वी यू’ आणि ‘३डीएस’ यांवरील आपली ऑनलाइन दुकाने बंद केली. केवळ तेथेच विकले जाणारे अनेक खेळ त्या दिवसापासून कायदेशीरपणे विकत घेता येत नाहीत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने त्याच वर्षी केलेल्या पाहणीत, तेथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले, आणि ही उणीव भरून काढणारे हौशी संग्राहक मात्र कायद्याच्या सावटाखाली वावरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये निन्टेंडोने क्योटोजवळ उजी येथील आपल्या जुन्या कारखान्यात संग्रहालय उघडले, तेथे हानाफुदापासूनच्या तिच्या निर्मिती मांडल्या आहेत, आणि ५ जून २०२५ रोजी आलेली ‘स्विच २’ ही यंत्रे पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांहून अधिक विकली गेली. कंपनीला आता बाजारात कोणाचेही भय बाळगण्याचे कारण नाही. जे खेळ ती स्वतः विकत नाही, ते तिने ग्रंथालयांना व अभ्यासकांना जतन करण्यासाठी आणि वाचकांना पुस्तक मिळावे तसे खेळाडूंना मिळण्यासाठी खुले करावेत, अशी तिच्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाची मागणी आहे, आणि ती मान्य करण्याइतकी सुस्थिती तिला याआधी कधीही लाभलेली नव्हती.